पगार १,८०,००० डॉलर, गाव सनीवेल: पुरेल का, आणि घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात असा: पुण्याच्या ऑफिसातून कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला बदली होतेय, मूळ पगार वर्षाला १,८०,००० डॉलर, वर काही शेअर मिळणार, सोबत पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. कोथरूडचा टू बीएचके विकला तर सव्वा लाख डॉलरच्या आसपास हातात येतील. मग भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा आल्या आल्या घर घ्यावं का? आणि महिन्याला शिल्लक किती पडेल?

सनीवेल ज्या सांता क्लारा कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथं मी २००५ पासून गृहकर्जाचं काम करतो. लोकांनी घरं घेतली की माझी चूल पेटते, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं त्या हिशेबानं वाचा.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत आणि माझं निम्मं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. व्हिसा कोणता? कंपनी बदलीवर पाठवतेय म्हणजे बहुधा एल-१ असेल, पण एच-१बी असला तर चित्र वेगळं दिसतं. एल-१ वाल्याच्या जोडीदाराला एल-२ मिळतो आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून त्याला किंवा तिला वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते. एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा एच-४ असतो. त्यावर काम करायचं तर तुमच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा आय-१४० हा टप्पा आधी मंजूर व्हावा लागतो, आणि त्याला वर्षं जाऊ शकतात. म्हणजे वहिनी इथं कमावणार की नाही, हे त्यांच्या डिग्रीपेक्षा तुमच्या पासपोर्टातल्या कागदावर ठरतं. उलट बाजूही आहे. एल-१ वर असताना नोकरी बदलता येत नाही, आणि एल-१बी ची (खास ज्ञान असलेल्यांचा) कमाल मुदत पाच वर्षं, एल-१ए ची (मॅनेजर लोकांचा) सात. बायकोला काम मिळतं पण नवरा बांधला जातो.

'१,८० मध्ये भागेल का' हा प्रश्न मला वर्षाला पन्नास जण विचारतात. भागतं. या कौंटीत खरे अवघड प्रश्न दोनच आहेत: घरात पगार एक की दोन, आणि तुम्ही इथं किती वर्षं राहणार. बटाट्याच्या भावानं इथं कुणाचं काही बिघडत नाही.

आधी हाती काय येतं ते बघू. १,८०,००० वर केंद्राचा आयकर, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, कॅलिफोर्नियाचा आयकर आणि राज्याचा अपंगत्व विमा हे सगळं गेलं की शंभरातले साधारण पंच्याहत्तर उरतात. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये मुलामागे दोन हजारांहून जास्त करसवलत दाखवतील, तिच्यावर विसंबू नका. ती सवलत सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या मुलांना मिळते. तुमच्या मुलीला तो नंबर मिळणार नाही, तिच्यासाठी आयटीआयएन, म्हणजे फक्त करापुरता नंबर, काढावा लागेल आणि सवलत पाचशेचीच मिळेल. दर मार्चमध्ये कुणीतरी याच गोष्टीवरून आपल्या सीए मित्राशी भांडून माझ्याकडे येतो.

त्यातून आरोग्यविम्याचा तुमचा वाटा आणि ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात निदान कंपनीचा वाटा मिळण्याइतकी रक्कम टाकलीत, तर महिन्याला दहा हजारांच्या थोडं वर हातात येईल. शेअर यात धरलेले नाहीत आणि तुम्हीही धरू नका. ते आले की बाजूला ठेवायचे. शेअरचा भाव चढला असताना त्याच्या भरवशावर हप्ता ठरवलेली घरं मी नंतर विक्रीला आलेली पाहिली आहेत.

आता खर्च. सनीवेल, सांता क्लारा किंवा मिलपिटासला बऱ्या अवस्थेतलं दोन बेडरूमचं अपार्टमेंट साधारण साडेतीन हजारांत मिळेल. जुन्या, आत वॉशिंग मशीन नसलेल्या चार घरांच्या इमारतीत तीन हजारांतही मिळतं. पाणी, कचरा वगैरे बहुतेक ठिकाणी वेगळं लावतात, त्याचे शंभर-सव्वाशे. वीज पीजी अँड ई ची असेल तर युनिटला चाळीस सेंटच्या आसपास पडते. सांता क्लारा शहराची मात्र स्वतःची वीज कंपनी आहे, सिलिकॉन व्हॅली पॉवर, आणि तिचा दर जवळपास निम्मा आहे. घर शोधताना हे कुणी सांगत नाही. रस्त्याच्या एका बाजूला सनीवेल आणि दुसऱ्या बाजूला सांता क्लारा असेल तर पलीकडे जा.

गाडीचा हप्ता, विमा, पेट्रोल मिळून साडेआठशे ते नऊशे. इथं आल्यावर तुमचा क्रेडिटचा इतिहास शून्य असतो, त्यामुळे गाडीचं कर्ज महाग पडतं. जमलं तर पहिली गाडी जुनी आणि रोख घ्या. किराणा हजार, एल कॅमिनो रस्त्यावर भारतीय दुकानं इतकी आहेत की थालीपिठाची भाजणीसुद्धा पुण्याहून आणावी लागत नाही. बाहेरचं खाणं साडेतीनशे, फोन-इंटरनेट दीडशे, औषधपाणी दीडशे, वरखर्च पाचशे. वर्षाकाठी तिघांची भारतवारी म्हणजे महिन्याला चारशे बाजूला काढा. ही रक्कम लोक हमखास विसरतात आणि मग डिसेंबरात क्रेडिट कार्ड रडतं.

राहिली मुलगी. वहिनी घरी असतील तर अर्धा दिवस प्रीस्कूल चौदाशेच्या आसपास. पूर्ण दिवसाचं डेकेअर हवं असेल तर अडीच हजार धरा. एक दिलासा आहे. २०२५-२६ च्या शाळावर्षापासून कॅलिफोर्नियात १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे बालवाडीचा वर्ग, मोफत आहे. म्हणजे हा खर्च तुम्हाला फार तर दीड-दोन वर्षं. शाळा सुटल्यानंतरच्या सांभाळाचे पैसे तेवढे लागत राहतील.

बेरीज साडेआठ हजारांच्या पुढे जाते. शिल्लक सतराशेच्या आसपास. रुपयांत गुणलंत तर आकडा छान दिसेल, पण गुणू नका. तुम्ही खर्चही इथलाच करणार आहात.

आता वहिनींना समजा वर्षाला १,२०,००० ची नोकरी मिळाली. दुसरा पगार तुमच्या पगाराच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे त्यातले चाळीस टक्के कर कापला जातो. पूर्ण दिवसाच्या डेकेअरचे वरचे अकराशे जातील. तरी महिन्याला पावणेपाच हजारांच्या आसपास निव्वळ भर पडते. शिल्लक सतराशेवरून साडेसहा हजारांवर. तीन लाख डॉलरचं डाउन पेमेंट साठवायला एका पगारात जवळजवळ पंधरा वर्षं लागतात, दोन पगारांत चारपेक्षा कमी. म्हणून मी आधी व्हिसा विचारला.

स्वतःला गरीब समजू लागाल, म्हणून एक आकडा सांगून ठेवतो. २०२५ साठी सरकारनं या कौंटीतल्या चौघांच्या कुटुंबाचं मध्यम उत्पन्न १,९५,२०० डॉलर धरलंय. तुमच्या १,८० ला पुण्यातले नातेवाईक डोळे विस्फारतील, इथं तुम्ही रांगेच्या मध्यावर आहात. तुमच्या मुलीला सांभाळणारी बाई, दुकानातला कॅशियर, शाळेतली शिक्षिका यांचं काय होत असेल याचा विचार करा. त्यांच्यातले कितीतरी जण पहाटे चारला उठून डोंगरापलीकडून येतात.

आता घराकडे. 'भाडं म्हणजे पैसे पाण्यात' हे वाक्य आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं असतो. माझे वडील सांगलीत चाळीस वर्षं तेच म्हणत होते आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरही होतं. इथं मात्र मी ग्राहकाला कागद-पेन्सिल घेऊन बसवतो आणि म्हणतो, घर घेतल्यावर पाण्यात किती जातात तेही मोजू.

२०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत सॅन होजे-सनीवेल-सांता क्लारा भागातल्या स्वतंत्र घराची मध्यम किंमत वीस लाख डॉलरच्या वर गेली. अमेरिकेतल्या कुठल्याही महानगराच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं. इथले मराठी लोक 'टू पॉइंट वन'ला घेतलं असं म्हणतात, पुढचा मिलियन उच्चारायचे कष्टही घेत नाहीत. तेव्हा स्वतंत्र घर सोडून देऊ आणि पंधरा लाखांचं तीन बेडरूमचं टाउनहाउस धरू.

वीस टक्के म्हणजे तीन लाख तुमचे, बारा लाख कर्ज. सरकारी पाठबळाच्या नेहमीच्या गृहकर्जाची २०२५ ची इथली मर्यादा १२,०९,७५० होती, तिच्यातही इतकं कर्ज बसतं, म्हणून त्यापुढच्या 'जंबो' कर्जाच्या कटकटी टळतात. तीस वर्षं, साडेसहा टक्के व्याज धरलं तर हप्ता ७,५८५. मालमत्ता कर वर्षाला १.२ टक्के धरला तर महिन्याचे १,५००. सोसायटीचा मेंटेनन्स, म्हणजे एचओए, चारशे आणि विम्याचे शंभर. एकूण साडेनऊ हजारांच्या वर. तुमच्या हाती येतात दहा. म्हणजे एका पगारावर हा विषय इथंच संपतो. कुठलीही बँक हे कर्ज देणार नाही आणि कुणी देऊ केलंच तर पळ काढा.

पण दोन पगार आहेत असं समजून हिशेब पुढे नेऊ, कारण खरी गंमत त्यात आहे. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात ६,५०० व्याज आणि जेमतेम १,०८५ मुद्दल असतं. मुद्दल तुमचंच, ते सोडा. व्याज, कर, एचओए, विमा मिळून ८,५०० परत न येणारे. व्याज आणि मालमत्ता करावर आयकरात सूट मिळते, पण केंद्राची सूट फक्त साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजावर आहे. चांगल्या दोन पगारांच्या घरात ही बचत महिन्याला दीड हजारांच्या आसपास जाते. राहिले सात हजार पाण्यात. तेच टाउनहाउस भाड्यानं घेतलंत तर पाच हजारांच्या आत-बाहेर मिळेल. मग पाणी कुठलं खोल?

हा दोन हजारांचा फरक भरून निघतो तो किंमत वाढली तरच. वर्षाला चोवीस हजार हे, आणि डाउन पेमेंटचे तीन लाख साध्या ठेवीत असते तर मिळाले असते ते बारा हजार. म्हणजे पंधरा लाखांच्या घराची किंमत वर्षाला जवळपास अडीच टक्के वाढायला हवी, तेव्हा तुम्ही भाडेकरूच्या बरोबरीला येता. शिवाय विकताना दलाली, कागदपत्रं, रंगरंगोटी मिळून सहा टक्के तरी जातात. तीन वर्षांत विकलंत तर ते सहा टक्के तीन वर्षांवर पसरतात आणि वर्षाला साडेचार टक्के वाढ लागते. दहा वर्षं राहिलात तर तीन टक्क्यांनी भागतं. त्यात भाडं दरवर्षी चढत राहतं आणि हप्ता तीस वर्षं तिथंच थांबतो, म्हणून वर्षं वाढतील तसा काटा घराच्या बाजूला झुकत जातो. माझा ठोकताळा असा: सात वर्षं इथं राहण्याची खात्री नसेल तर भाड्यानं राहा. खात्री म्हणजे इच्छा नव्हे, व्हिसाच्या कागदासकट खात्री.

'पण इथल्या किमती कधी पडत नाहीत' असं तुमच्या ऑफिसात कुणीतरी सांगेल. मी स्वतः २००६ मध्ये मिलपिटासला टाउनहाउस घेतलं. धंदा माझाच, तरी घेतलं. २००९ मध्ये त्याची किंमत माझ्या कर्जापेक्षा खाली होती. नोकरी-धंदा टिकला, हप्ते भरत राहिलो, वर आलो. माझ्या शेजारच्या तिघांपैकी दोघं टिकले नाहीत. अलीकडचं सांगायचं तर २०२१ च्या जानेवारीत तीस वर्षांच्या कर्जाचा आठवड्याचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ७.७९ पर्यंत चढला. या दोन टोकांच्या मध्ये, २०२२ च्या वसंतात, एका जोडप्यानं पाच ऑफर हरल्यावर सहाव्या ठिकाणी चढी बोली लावून घर घेतलं. मी त्यांना सहा महिने थांबा म्हटलं होतं, पण फार जोरानं म्हटलं नाही, हेही खरं. दहा महिन्यांनी नवऱ्याची नोकरी गेली. एच-१ किंवा एल-१ वर नोकरी गेली की दुसरी व्यवस्था करायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. नोकरी शोधू की घर विकू, अशा अवस्थेत त्यांनी घर तोट्यात काढलं. भाड्याच्या घरात असते तर सामान बांधून निघाले असते.

मालमत्ता कराचं इथलं गणित आपल्याकडच्या माणसाला चक्रावून टाकतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. १९७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केलं. तेव्हापासून मूळ कर खरेदीच्या किमतीच्या एक टक्का, आणि घर विकलं जाईपर्यंत करासाठीची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यावर शाळा, रोखे वगैरेंच्या पट्ट्या चढून एकूण १.१ ते १.२५ टक्के होतात. परिणाम असा की १९८२ साली घर घेतलेले आजोबा वर्षाला तीन हजार भरतात आणि भिंतीला भिंत लागून असलेले तुम्ही अठरा हजार. रस्ता तोच, शाळा तीच. जुने मालक सहजी घर सोडत नाहीत, कारण सोडलं तर पंचावन्नच्या आतल्या बहुतेकांना दुसरीकडे कर आजच्या भावावर. म्हणून बाजारात घरं कमी येतात. शहरांनाही घरांपेक्षा ऑफिसं आणि दुकानं परवडतात: खर्च कमी, विक्रीकर जास्त. त्यात सॅन होजेची नव्वद टक्क्यांहून जास्त निवासी जमीन कित्येक दशकं एका प्लॉटवर एकच घर या नियमात अडकलेली होती. २०२२ पासून एसबी ९ या कायद्यानं प्लॉटचे दोन भाग करायला परवानगी दिली आहे, पण बांधकामाचा खर्च असा की हे करणारे मी बोटावर मोजण्याइतके पाहिले. थोडक्यात, नोकऱ्या भराभर आल्या आणि घरं मुंगीच्या पावलांनी. पूर्वी जिथं जर्दाळूच्या बागा होत्या तिथं आज तुमचं ऑफिस आहे, त्या ऑफिसातल्या लोकांसाठी घरं मात्र कुणी पुरेशी बांधली नाहीत.

हा कर तुमच्या खिशात आणखी एका वाटेनं हात घालतो. घर घेतल्यावर काही महिन्यांनी कौंटीकडून 'सप्लिमेंटल' बिल येतं: जुन्या मालकाच्या कराची किंमत आणि तुमची खरेदीची किंमत यातल्या फरकावरचा कर. ते थेट तुमच्या नावावर येतं, बँक कर-विम्यासाठी हप्त्यासोबत पैसे जमा करते त्या एस्क्रो खात्यातून भरलं जात नाही. मी प्रत्येकाला तीनदा सांगतो, तरी दरवर्षी कुणीतरी ते पाकीट जाहिरात समजून फेकतं आणि दंड भरतं. घर घ्याल तेव्हा आठ-दहा हजार त्यासाठी वेगळे ठेवा.

डोंगरापलीकडे घेण्याचा पर्याय कुणीतरी सुचवेलच. ट्रेसी, माउंटन हाउस ही गावं सॅन वाकीन कौंटीत आहेत. तिथं आठ-दहा लाखांत चार बेडरूमचं घर, मागे अंगण आणि गणपतीत आरतीला शेजारी चार मराठी घरं. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जायचं असेल तर उत्तम. पाच दिवस असेल तर वाटेतली अल्टामाँटची खिंड तुमचं आयुष्य खाऊन टाकेल. आगगाडी आहे, एसीई, स्टॉकटनहून सॅन होजेला येते आणि सांता क्लारातल्या ग्रेट अमेरिका स्टेशनला थांबते. पण सकाळी मोजक्या गाड्या इकडे येतात आणि संध्याकाळी तितक्याच परत जातात. मीटिंग लांबली की बायकोला फोन. वर तिकडच्या नव्या वसाहतींत मेलो-रूस नावाची पट्टी असते. रस्ते, शाळा, गटारं बांधायला काढलेल्या रोख्यांची फेड घरमालकांकडून करून घेण्याची ही सोय. जाहिरातीत घराची किंमत मोठ्या अक्षरात असते, ही पट्टी विचारल्यावरच कळते. म्हणून एकूण कराचा दर आधी विचारा.

इथपर्यंतचं गोळा करून सांगतो: एका पगारात राहणं जमेल, घर जमणार नाही. दोन पगारांत तीन-चार वर्षांनी घर जमेल, पण सात वर्षं राहणार असाल तरच घ्यावं. तोवर भाडं. मग आता भाड्याबद्दल, कारण तुम्ही ते नक्की घेणार आहात.

कॅलिफोर्नियात २०२० पासून भाडेवाढीला कमाल मर्यादा आहे: पाच टक्के अधिक महागाईचा दर, आणि काही झालं तरी दहाच्या वर नाही. पण पंधरा वर्षांपेक्षा नव्या इमारतींना ती लागू नाही. एखाद्या व्यक्तीच्या मालकीच्या स्वतंत्र घरालाही बहुतेक वेळा नाही. म्हणजे जिम आणि स्विमिंग पूलवाली चकचकीत नवी इमारत पहिल्या वर्षी बरी वाटते आणि दुसऱ्या वर्षी चावते. अशा इमारती 'सहा आठवडे फुकट' देतात. करारात मात्र पूर्ण भाडं लिहिलेलं असतं आणि पुढची वाढ त्या पूर्ण आकड्यावर होते. फुकटचे सहा आठवडे बाराने भागून खूश होऊ नका, करारातला आकडा बघा. सॅन होजेत १९७९ पूर्वीच्या, तीन किंवा जास्त घरांच्या इमारतींना शहराचा स्वतःचा नियम आहे, वर्षाला पाच टक्केच. माउंटन व्ह्यूतही २०१६ पासून असा नियम आहे. सनीवेल आणि सांता क्लाराला शहराचा वेगळा नियम नाही, तिथं राज्याचाच. डिपॉझिट २०२४ च्या जुलैपासून एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. एक-दोन मालमत्ता असलेल्या लहान घरमालकाला दोन महिन्यांची मुभा आहे. क्रेडिट नसल्यामुळे नकार मिळाला तर कंपनीचं ऑफर लेटर आणि पुण्याच्या बँकेची सहा महिन्यांची विवरणं पुढे करा. लहान घरमालक बहुतेक वेळा ऐकतात, मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर ऐकत नाही.

शाळेच्या नावाखाली कुपर्टिनोत पाचशे डॉलर जास्त भाडं देऊ नका, निदान मुलगी तीन वर्षांची असताना नाही. तिथल्या प्राथमिक शाळांत मुलं इतकी कमी झाली की २०२२ मध्ये काही शाळा बंद कराव्या लागल्या. कारण तेच, लहान मुलं असलेल्यांना तिथलं घर परवडत नाही. तिसरी-चौथीत गेल्यावर विचार करा. तेव्हा कदाचित तुमचं मतही बदललेलं असेल.

शेवटी कोथरूडचा फ्लॅट. हा तुमच्या प्रश्नातला मला सर्वात नाजूक भाग वाटला. विकायचाच असेल तर इकडे येण्यापूर्वी, भारतात निवासी असताना विका. इथले करनिवासी झाल्यावर विकलात तर नफ्यावर अमेरिकाही कर मागते. भारतात भरलेल्या कराची वजावट अमेरिकेचं केंद्र सरकार देतं, कॅलिफोर्निया राज्य देत नाही, म्हणजे तेवढा कर दुहेरी. शिवाय तुम्ही अनिवासी झालात की घेणाऱ्याला टीडीएस कापून भरण्याचे उपद्व्याप करावे लागतात आणि चांगली गिऱ्हाइकं त्यालाच कंटाळून जातात. पैसे आणताना निवासी माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांपुढे बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोवर अडकतो. आणि इथली कर्ज देणारी बँक डाउन पेमेंटच्या पैशाचा माग मागते. निदान दोन महिने तो पैसा खात्यात दिसला पाहिजे, नाहीतर मामांनी दिले, आत्यानं दिले याची पत्रं गोळा करत बसावं लागतं.

पण मी तुमच्या जागी असतो तर विकला नसता. वरचं गणित बघा: सव्वा लाख डॉलर हे इथल्या डाउन पेमेंटच्या निम्म्यालाही पुरत नाहीत, मग ते इथं आणून ठेवीतच पडतील. तिकडे मात्र तो पूर्ण घर आहे. व्हिसाचे साठ दिवस कधी सुरू होतील हे कुणाला माहीत नसतं. २०२३ मध्ये ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्यातल्या दोन कुटुंबांना मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. एकाचं बाणेरला घर होतं. ते लोक दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या शाळेचा फॉर्म भरायला गेले. दुसरं कुटुंब चार महिने सासुरवाडीला राहिलं.

तेव्हा फ्लॅट भाड्यानं द्या, सोसायटीच्या आणि बँकेच्या कामांसाठी वडिलांच्या किंवा भावाच्या नावानं मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच नोंदवून घ्या; इथं आल्यावर तेच काम वकिलातीच्या चकरा मारून करावं लागतं. तुम्ही अनिवासी झाल्यावर तुमच्या भाडेकरूनंही भाड्यातून टीडीएस कापायचा असतो, तो त्याला आधी सांगून ठेवा. आणि एचआरला आजच मेल टाका: एल-१ए, एल-१बी की एच-१बी? उत्तर आलं की आकडे घेऊन परत लिहा, मग खऱ्या बेरजा मांडू.